सतरंजीवर कोण बसणार

मला लोक रागीट म्हणतात. म्हणू देत. सुरतेच्या पांडेसऱ्यात काम करायचं आणि आवाज चढवायचा नाही, हे जमायचं नाही. तिथे कारखान्यांचा आवाजच इतका, की हळू बोललेलं शेजारच्यालासुद्धा ऐकू जात नाही.

मी विजया. सकाळी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, संध्याकाळी कॉलेजात. कॉलेज म्हणजे डिग्रीचं नव्हे हं. सुरतेतल्या मराठी मंडळींनी वर्गणी काढून पांडेसऱ्याच्या रस्त्याला एक दोनमजली इमारत उभी केली, तिथे शिवण, टायपिंग, वायरमन, मोटार रिवाइंडिंग असलं पोटापाण्याचं शिकवतात. ज्याला दुसरीकडे कुठे दार उघडत नाही, त्याला आमच्याकडे बाक मिळतो. मला त्या कॉलेजचा फार अभिमान आहे, आणि त्याच्या विश्वस्तांचा फार वैताग.

शहाण्णव सालच्या संक्रांतीची गोष्ट. माझ्या डोक्यात त्याआधी बरीच वर्षं एक योजना घोळत होती. शाळेत माझ्या वर्गात अशी कितीतरी मुलं यायची, ज्यांच्या घरी मोठं माणूस एकच. कुणाची आई नाही, कुणाचा बाप वारलेला, कुणाचा बाप प्लेगच्या साली घाबरून गाडीत बसला तो परत आलाच नाही. जो एक माणूस उरलेला, तो बारा बारा तास मिलमध्ये. त्याला वाचता येत नाही, म्हणून मुलाचं दप्तर घरी उघडतच नाही. तिसरी-चौथीत मूल गळून जातं. मोठ्यांसाठी सरकारने साक्षरतेचे वर्ग काढले होते की! पण एकटी बाई पोरं कुणाच्या गळ्यात टाकून वर्गाला येणार? म्हणून मी ठरवलं, दोघांना एकदमच बोलवायचं. आई किंवा बाप, आणि मूल, एकाच सतरंजीवर, एकच धडा. लाइटबिल, औषधाची बाटली, मिलचा पास, बसवरची पाटी. मराठीही आणि गुजरातीही, कारण सुरतेची बस मराठीत बोलत नाही. शेवटची पंधरा मिनिटं मुलाने मोठ्याला वाचून दाखवायचं. पाळी बदलते म्हणून सकाळी आणि संध्याकाळी तोच धडा दोनदा. योजना पक्की होती. मी केली होती, पक्की असणारच.

खोली हवी होती. तळमजल्यावरची, मागच्या दाराची, नळाजवळची. लहान मुलं असणार म्हटल्यावर नळ पाहिजे. आणि नेमकी तीच खोली बाबुरावांना कॉम्प्युटरसाठी हवी होती. बाबुराव आमचे मुख्य विश्वस्त. माणूस वाईट नाही, पण त्या वर्षी त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. तीस वर्षं सुरतेत राहून त्यांचं अर्धं मराठी गुजराती झालेलं, दर वाक्याला "चालशे" म्हणायचे, आणि चालू काहीच द्यायचे नाहीत.

"विजयाताई, तुमची ही मंडळी येणार का पण? वर्ग काढायचा आणि सतरंजी रिकामी, असं व्हायला नको."

"येतील. मी आणीन."

"मग असं करू. उद्घाटनाच्या दिवशी पंधरा पालक मुलांसकट बसलेले दाखवा. पंधरा असले तर खोली तुमची. एक जरी कमी पडला, तरी कॉम्प्युटर. चालशे?"

"चालशे," मी म्हटलं. पंधरा म्हणजे काय मोठं? पांडेसरा आणि बमरोली मिळून मी पन्नास आणले असते.

आणि खरंच मी महिनाभर संध्याकाळी वस्त्या पालथ्या घातल्या. रंगीत पाण्याच्या गटारांवरून उड्या मारत, उतराणीच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, पतंगांचा मांजा पायात अडकवून घेत, एकेक दार वाजवलं. त्यात दोन माणसांबद्दल सांगायलाच हवं.

एक मालतीबाई. बमरोलीला राहायची, मूळची शिरपूरकडची. नवरा काविळीने गेलेला. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची, आणि तिची नऊ वर्षांची कुंदनही शेजारी बसून तेच करायची. पोरगी शाळेत का नाही, तर मालतीबाई नाव घालायला गेली तेव्हा कुणीतरी तिला म्हणालं की पोरीच्या बापाला पाठवा. "बाप कुठून आणू?" म्हणून ती जी परत आली, ती पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. तोंडाने फटकळ. माझं तिच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं, कारण दोघी सारख्याच.

दुसरा सुकदेव. पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये रंगाच्या खात्यात कामाला, अमळनेरकडचा. बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं, मागे पाच वर्षांची धनश्री. हा माणूस पाळीला जाताना पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आतून आवाज आला, "बाबा नहीत घरमा," आणि दाराच्या फटीतून दोन बोटं बाहेर आली. माझा असा पारा चढला म्हणता! सुकदेव आला तेव्हा त्याला मी रस्त्यातच झापलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "बाई, सासूबी हेच म्हणते. म्हणते होळी झाली का पोरीला घेऊन जाते. बाप्याच्यानं पोर वाढत नाही म्हणते. तुमच्या वर्गात ती बसली, मीबी बसलो, तर मी सासूले सांगेन का कुलूप सुटलं. नाहीतर काय तोंडाने थांबवू तिले?"

त्याचं गाव तालुक्याच्या रस्त्यापासूनही आत. एकदा पोर तिकडे गेली की वर्षातून एकदा दिसणार, दिवाळीला. मी त्याला शब्द दिला. "होळीच्या आत वर्ग सुरू होणार. पोरगी कुठेही जात नाही." मी असे शब्द पटकन देते. आणि मग ते पाळायला रक्त आटवते.

वर्गाचं तुम्ही बघा, उद्घाटनाचं आम्ही बघतो, असं आमच्या महाराष्ट्र महिला मंडळाने आपणहून सांगितलं. अध्यक्षा प्राजक्तावहिनी. त्यांचे मिस्टर मोठ्या बँकेत साहेब. स्वभावाने लोण्यासारख्या, कुणालाही नाही म्हणायच्या नाहीत. खाऊ, सतरंज्या, मंडप, कार्डं, सगळा खर्च मंडळाचा. मला बरंच वाटलं. माझ्या शाळेत तेव्हा परीक्षा चालू होत्या. कार्डं छापून आली आणि आमचा शिपाई गणपत ती वस्तीत वाटूनही आला, तोवर मी एकही पाहिलं नव्हतं.

मला कळलं ते मालतीबाईकडून. मी सहज डोकावले, तर तिने साडी बाजूला केली, उशीखालून कार्ड काढलं आणि माझ्यासमोर टाकलं.

"आम्हाले बोलावलं का हाकललं, बाई?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"माले वाचता येत नाही. पण चित्र कळतं."

कार्डावर लाल शाईत ठसठशीत कोयरी छापली होती, हळदीकुंकवाची, वर दोन फुलं. खाली लिहिलं होतं: एकल पालक वर्गाचा शुभारंभ, त्यानिमित्त संक्रांतीचे हळदीकुंकू. सर्व सुवासिनींनी अगत्याने यावे.

मी कपाळावर हात मारून घेतला. अक्षरशः.

आता ही चूक करायला आपलीच माणसं लागतात. सुरतेत मराठी बायका जमवायच्या म्हटलं की आमच्या मंडळाला एकच युक्ती ठाऊक, हळदीकुंकू. वाचनालय उघडायचं, हळदीकुंकू. रक्तदान शिबिर, आधी हळदीकुंकू. कुणाच्या मनात वाईट नसतं. सवय! पण हा वर्ग ज्यांच्यासाठी, त्यांत एक सुवासीण धड नाही. विधवा, टाकलेल्या, आणि एक बाप्या. यांना हळदीकुंकवाचं आमंत्रण. वा रे वा!

तिथून मी तडक सुकदेवकडे गेले. तो पाळी संपवून नुकताच आलेला, नखांत निळा रंग. त्याला कुणीतरी कार्ड वाचून दाखवलं होतं. रागावलाही नव्हता, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, "बाई, बायांच्या हळदीकुंकवाले मी कुठं बसू? लोक हसतीन. तुम्ही घ्या करून, मग नंतर माले जमलं तर येईन." नंतर कसलं जमणार? पंधरा नसले तर नंतर काहीच नव्हतं.

प्राजक्तावहिनींच्या घरी मी पोचले तेव्हा त्या तिळाच्या वड्या थापत होत्या. मी चपलाही नीट काढल्या नाहीत.

"वहिनी, हा वर्ग कुणासाठी आहे?"

"अहो, एकट्या पालकांसाठी. तुम्हीच तर सांगितलंत."

"एकट्या म्हणजे कशा?"

"म्हणजे ज्यांचे मिस्टर..." आणि त्यांचा हात थापता थापता थांबला. "अगं बाई!"

"अगं बाई नाही तर काय! आता त्या बायका येत नाहीत. का येतील? तुमच्या दारात उभं राहून तोंड फिरवलेलं बघायला?"

"माझ्या मनात तसं काही नव्हतं हो, विजयाताई. देवाशप्पथ. मला सुचलंच नाही. आणि..." त्या गोंधळल्या. "तुम्ही तर आमच्या दरवर्षीच्या हळदीकुंकवाला असता ना!"

"असते. कुठे असते?"

त्या आठवायला लागल्या. ओटीचं सामान, गजरे, गाणी, वाणाच्या गाळण्या, उखाणे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "चहापाशी."

"चहापाशी. आमचे चंद्रकांत गेल्यापासून. दरवर्षी. म्हणजे कुणाला अवघडायला नको, आणि मलाही नको. कपबशा धुवायला आणि चहा ओतायला कुंकू लागत नाही."

त्या रडायला लागल्या. समोरचं माणूस रडायला लागलं की मला भांडता येत नाही, हा माझा मोठा तोटा आहे. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा पुन्हा राग आला. मी एक वडी उचलून तोंडात टाकली. वडी चांगली झाली होती.

"कार्यक्रम रद्द करू का?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"मुळीच नाही. रद्द केला की बाबुराव त्याच दिवशी कॉम्प्युटरचे टेम्पो मागवतील. तारीख तीच, वेळ तीच. आत काय करायचं ते मी सांगते. कागद आणा."

आणि मी तिथेच बसून सगळं उलटं केलं. हळदीकुंकवात घरची बाई यजमान आणि बाकीच्या पाहुण्या, बरोबर? इथे वर्गाचे पालक यजमान. मंडळाच्या बायका पाहुण्या. तिळगूळ पालक देणार, पाहुण्यांनी हात पुढे करायचा. सतरंजीवर पुढे पालक आणि मुलं, मंडळाच्या बायका मागे. वाण म्हणून मंडळाने गाळण्या आणल्या होत्या त्या मंडळानेच घ्याव्यात, पालकांना पाटी आणि पेन्सिल. आणि हळदीकुंकवाची ताटं फिरवणार त्या लहान मुली. कुमारिकेच्या हाताला कुठलाच शास्त्रीबुवा नाही म्हणत नाही. मुलींनी प्रत्येकाला आधी विचारायचं, "लावू का?" हो म्हटलं तर लावायचं, नाही म्हटलं तर पुढे जायचं. बाई असो, बाप्या असो, बाबुराव असोत.

"आणि कुणी कुणाकडे बघून चेहरा करायचा नाही," मी म्हटलं. "हे तुम्ही तुमच्या बायकांना सांगायचं. मी सांगितलं तर भांडण होईल."

"सांगते," वहिनी म्हणाल्या. आणि लोण्यासारखी ती बाई एकदम ताठ बसली. "सांगतेच."

मग पुन्हा दारोदार. कार्डाची भरपाई तोंडाने करायची, म्हणजे प्रत्येक घरी नव्याने. बऱ्याच जणी हसून हो म्हणाल्या. मालतीबाई मात्र टिकल्या चिकटवत राहिली, मान वर करेना.

"तुले काय, बाई. तू बोलशील. तुझ्या कपाळाले टिकली आहे. ज्या बाईले सगळे बाजूला करतात, तिचं तुले काय कळणार?"

मीही एकटीच, हे वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. चंद्रकांत गेले तेव्हा मी बारकी काळी टिकली ठेवली. संध्याकाळी एकटीने रिक्षातून फिरायचं, परक्या दारांत उभं राहायचं, तर कपाळ रिकामं दिसलं की माणसं शंभर प्रश्न विचारतात. टिकली असली की एकही नाही. आणि तिला तेव्हा सांगितलं असतं, तर तिने माझी कीव केली असती. कीव मला चालत नाही. म्हणून मी एवढंच म्हटलं, "ये मालतीबाई. कुंदनला पाटी मिळेल. तू पाहुणी नाहीस, तिळगूळ तू द्यायचा आहेस."

"बघू," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून मी सगळ्यांवर खेकसत होते. माझी लेक अर्चना अकरावीला होती, तिने दारात रांगोळी काढली, मुलींना ताट कसं धरायचं ते शिकवलं, आणि मला दोनदा सांगितलं, "आई, पाणी पी."

पहिली आली ती मालतीबाई! कुंदनच्या डोक्याला तेल चोपडलेलं, स्वतः धुतलेली निळी साडी. दारात मला बघून म्हणाली, "आली बरं का. पाटीसाठी आली." आणि सरळ जाऊन पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. मग एकेक करून बाकीच्या. कडेवर एक, बोटाला एक. कुणी पाळी बदलून घेतलेली, कुणी अर्धी रजा टाकलेली. सतरंजी भरत चालली तसं माझं खेकसणं कमी झालं.

सुकदेव अगदी शेवटी आला. इस्त्रीचा शर्ट, आणि धनश्रीच्या दोन वेण्या, एक कानाच्या वर आणि एक मानेजवळ. स्वतः घातल्या होत्या, हे न विचारता कळत होतं. तो चपलांच्या ढिगापाशीच थांबला. मागून मंडळाच्या दोघी-तिघी फिस्कन हसल्या, आणि प्राजक्तावहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे असं बघितलं की त्या तिळगूळच चघळायला लागल्या. मी सुकदेवला दंडाला धरून आणला आणि सतरंजीच्या टोकाला बसवलं. धनश्रीच्या हातात अर्चनाने छोटं ताट दिलं. तिने ते दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं, जसं काही कुणी काढून घेणार होतं.

मुली फिरायला लागल्या. "लावू का?" "लावू का?" कुणी हो म्हणे, कुणी लाजून मान हलवी. मालतीबाईने धनश्रीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "माले नको, बेटा. माझ्या कुंदनले लाव." मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला ते फार आवडलं. नाही म्हणायचीही एक ऐट असते, आणि ती तिच्याकडे होती.

मी नेहमीप्रमाणे चहापाशी उभी होते. मागच्या दाराजवळ, पिंपाशेजारी. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडेच गेले होते.

बाबुराव आले, हार घालून घेतला, आणि बोटाने हवेत ठिपके देत मोजायला लागले.

"चौदा," ते म्हणाले.

"पंधरा," मी पिंपापासून ओरडले. "नीट मोजा. टोकाला सुकदेव आहे."

"तो पुरुष आहे, विजयाताई."

"मग? पालक म्हणाला होतात ना? की बाप पालक नसतो?"

"अहो, पालक म्हणजे आया असंच माझ्या डोक्यात होतं. मंडळाने खर्च केलाय तो महिलांसाठी. आणि हे बघा." खिशातून त्यांनी ते दळभद्री कार्ड काढलं. "हळदीकुंकू. हळदीकुंकवाला पुरुष कसा मोजायचा? उद्या लोक मलाच हसतील. शब्द म्हणजे शब्द. पंधरा ठरले होते, चौदा झाले. फार चांगला प्रयत्न केलात. पुढच्या वर्षी बघू."

"बाबुराव, कार्डाची चूक माझी आहे हो," प्राजक्तावहिनी उठून म्हणाल्या, पण बाबुरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

मुलींची ताटं जिथल्या तिथे थांबली. आणि सुकदेव उठला. "बाई, माझ्यापायी लफडं नको. मी जातो." त्याने धनश्रीला हाक मारली. ती आली, पण तिच्या हातात ताट होतं आणि ते कुठे ठेवायचं तिला कळेना. तिने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या दाराच्या फटीतली दोन बोटं मला आठवली. होळी चार पावलांवर होती.

मला इतका राग आला होता की त्याच्यापलीकडे गेल्यावर एकदम शांत वाटलं. मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"सुकदेव, थांबा. बाबुराव, पंधरावी मी."

"तुम्ही? तुम्ही काय? तुम्ही तर बाई आहात इथल्या."

"बाई आहे म्हणून पालक नाही का? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पोर एकटीने वाढवली. अर्चना, इकडे ये, उभी राहा. ही माझी मुलगी. एकटी पालक, आणि सोबत मूल. सांगा, यात काय कमी आहे?"

"पण तुम्हाला लिहिता-वाचता येतं!"

"मराठी येतं. गुजरातीचा ओ की ठो वाचता येत नाही मला. वीस वर्षं बसची पाटी कंडक्टरला विचारते. वर्गात गुजरातीही शिकवणार आहोत, योजनेत पहिल्या पानावर आहे, तुम्ही वाचली नसेल. मी शिकायला बसणार. अर्चना मला वाचून दाखवील, तिला येतं."

अर्चनाने फक्त मान डोलावली. शहाणी पोर.

मी बाबुरावांकडे बघतच नव्हते. मी मालतीबाईकडे बघत होते. ती माझ्या कपाळाकडे बघत होती, त्या काळ्या टिकलीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. तिला राग आला होता. माझ्यासारखाच.

"मग तठे काय उभी, चहापाशी?" ती म्हणाली. कुंदनला तिने कोपराने बाजूला सारलं, स्वतःही सरकली आणि सतरंजीवर हात आपटला. "आठे बठ, बाई. चहा देई दुसरं कोणी."

मी गेले. पहिल्या रांगेत मांडी घालून बसले, एका बाजूला मालतीबाई, दुसऱ्या बाजूला अर्चना. इतकी वर्षं त्या बायकांच्या पाठी मला पाठ झाल्या होत्या. बसून समोरून खोली कशी दिसते ते मी विसरले होते.

"पंधरा," बाबुराव पुटपुटले. मग घसा खाकरून, "चालशे. चालशे."

"सुकदेव, बसा खाली," मी म्हटलं. "तुम्हाला आता कुणी मोजत नाही. नुसते बसा."

तो बसला, आणि त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. धनश्री तिथून निघाली ती थेट माझ्यापुढे. गंभीर चेहरा, ताट सरळ.

"बाई, लावू का?"

सगळ्यांना मीच सांगितलं होतं, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, जे वाटेल ते. सांगणं सोपं असतं हो. शेवटी मी मान खाली केली, तिच्या उंचीपर्यंत. तिने बोट बुडवून लावलं, अर्धं टिकलीवर, अर्धं नाकावर, आणि मागे सरून आपलं काम कसं झालंय ते नीट बघितलं. "चांगलं आहे," ती म्हणाली.

मागे कपबशांचा आवाज झाला. प्राजक्तावहिनी पदर खोचून चहापाशी उभ्या राहिल्या होत्या, आणि पहिला कप त्यांनी मला आणून दिला. बशीत चहा सांडला होता. चहा निवलेला आणि पाकासारखा गोड. एरवी मी तसं तोंडावर सांगितलं असतं. त्या दिवशी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि रडले, सगळ्यांसमोर, नाकावरचं कुंकू गालावर येईपर्यंत. मालतीबाईने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. तिच्याकडे समजूत घालायची तीच रीत असावी.

मग मी डोळे पुसले, बाबुरावांपुढे हात पसरला आणि म्हटलं, "किल्ली."